विमानाच्या तिकिटाचा दर कसा वाचावा: केबिन, भाडेवर्ग आणि अटी यांची नवख्या प्रवाशाला ओळख

विमानाचे तिकीट पहिल्यांदाच स्वतः काढायला बसलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. एखाद्या मार्गावर बिझनेस क्लासचे भाडे एका आठवड्यात इकॉनॉमीच्या पाचपट दिसते आणि दुसऱ्या एखाद्या आठवड्यात तेच भाडे, परताव्याची पूर्ण मुभा असलेल्या इकॉनॉमी तिकिटापेक्षा जेमतेम थोडे जास्त, क्वचित कमीही असते. विमान तेच, आसने तीच, अंतरही तेच; मग बदलले काय? तिकिटाच्या किमतीत आसनाबरोबर आणखी तीन गोष्टींचे मोल धरलेले असते: ते केव्हा घेतले, किती बंधने मान्य करून घेतले आणि प्रवास नेमका कोठून कोठे आहे. या गोष्टी एकेक करून समजून घेतल्या, तर समोर दिसणाऱ्या आकड्यात आपण कशासाठी पैसे मोजतो आहोत हे पैसे भरण्याआधीच कळू शकते. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: केबिन आणि भाडेवर्ग यांत गल्लत करू नका

विमानात शिरल्यावर डोळ्यांना दिसते ती केबिन. इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट अशा जास्तीत जास्त चार केबिन सहसा असतात, आणि बऱ्याच विमानांत त्यांपैकी एक किंवा दोनच असतात. भाडेवर्ग, म्हणजे ज्याला तिकीट काढून देणारे लोक बुकिंग क्लास म्हणतात, तो मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो तिकिटावर छापलेल्या एका इंग्रजी अक्षरात दडलेला असतो. एका केबिनमध्ये असे अनेक भाडेवर्ग असतात आणि प्रत्येकाचा दर व अटी वेगळ्या असतात. आसन मात्र सर्वांना एकाच प्रकारचे मिळते.

बहुतेक विमान कंपन्यांत पूर्ण भाड्याच्या इकॉनॉमी तिकिटाला वाय, पूर्ण भाड्याच्या बिझनेस तिकिटाला जे आणि पूर्ण भाड्याच्या फर्स्ट क्लासला एफ हे अक्षर असते. बिझनेसमधील सवलतीच्या वर्गांसाठी सी, डी, आय, झेड अशी अक्षरे पुष्कळ ठिकाणी आढळतात, प्रीमियम इकॉनॉमीसाठी डब्ल्यू हे अक्षर रूढ आहे, आणि इकॉनॉमीतील सवलतीच्या उतरंडीत बी, एम, एच, के, एल, क्यू अशी अक्षरे येतात. या उतरंडीचा क्रम मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने लावते. एका कंपनीचा मधला वर्ग दुसरीकडे तळाचा असू शकतो. म्हणून केवळ अक्षर पाठ करून उपयोग नाही. त्या कंपनीच्या संकेतस्थळावरील तक्त्यात ते अक्षर कोठे बसते, हे पाहावे लागते.

केबिनची ही विभागणी आली कशी, हे पाहिले तर दरांचा स्वभावही कळतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, हिच्या संमतीने अटलांटिक महासागरावरील उड्डाणांत १९५२ मध्ये स्वस्त भाड्याचा टुरिस्ट क्लास सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त इकॉनॉमी क्लास आला. पुढे इकॉनॉमीतच सवलतीची तिकिटे इतकी वाढली की पूर्ण भाडे भरणारा कामानिमित्त प्रवास करणारा ग्राहक आणि त्याच्या कितीतरी कमी पैशांत आलेला सहलीचा प्रवासी एकाच रांगेत, एकच जेवण घेत बसू लागले. अधिक पैसे देणाऱ्याला त्याचे काही दिसले पाहिजे, या गरजेतून १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिझनेस क्लासचा जन्म झाला. नंतर बिझनेसचे आसन सुधारत जाऊन त्याचा सपाट पलंग झाला, भाडेही वाढले, आणि दोन्हींच्या मधली पोकळी भरायला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ईव्हा एअर आणि व्हर्जिन अटलांटिक यांनी प्रीमियम इकॉनॉमी आणली. प्रत्येक नवी केबिन ही अशी, अधिक पैसे देण्यास तयार असलेल्या प्रवाशाला वेगळे काढण्याच्या प्रयत्नातून आलेली आहे.

पायरी २: आसनाने किती जागा अडवली, याचा हिशेब करा

दर योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी एक ढोबळ मोजपट्टी हाताशी असावी, आणि ती म्हणजे जागा. विमानाच्या जमिनीचे क्षेत्रफळ ठरलेले असते. एका आसनाने जास्त जागा घेतली की इतर आसने तेवढी कमी होतात.

लांब पल्ल्याच्या, दोन मार्गिका असलेल्या विमानाचे उदाहरण घेऊ. इकॉनॉमीत एका रांगेत ९ आसने आहेत आणि दोन रांगांमधील अंतर ३१ इंच आहे असे धरू. प्रीमियम इकॉनॉमीत रांगेत ७ आसने आणि अंतर ३८ इंच असते असे मानले, तर तेथील एक आसन इकॉनॉमीच्या साधारण दीडपटीहून थोडी अधिक जागा घेते. बिझनेसमध्ये रांगेत ४ आसने आणि आसनांच्या तिरक्या मांडणीमुळे अंतर सरासरी ४४ इंच धरले, तर हे प्रमाण सव्वातीनपटीच्या आसपास जाते. याचा अर्थ असा, की बिझनेसचे आसन इकॉनॉमीच्या सरासरी भाड्याच्या सव्वातीनपटीने विकले गेले तर कंपनीला जागेचे पैसे सारखेच मिळाले. त्यापुढील रक्कम म्हणजे जेवण, लाउंज (विमानतळावरील विश्रांतिकक्ष), वेगळी रांग, अधिक सेवक यांचा खर्च आणि उरलेला नफा. ही तुलना इकॉनॉमीच्या सरासरी भाड्याशी करायची आहे, पडद्यावर दिसणाऱ्या सर्वांत स्वस्त भाड्याशी नव्हे, हे विसरू नये. नवख्या प्रवाशाची निम्मी चिडचिड याच चुकीच्या तुलनेतून येते.

एक अपवाद आवर्जून सांगण्यासारखा आहे. युरोपातील आखूड उड्डाणांत बऱ्याच कंपन्या बिझनेस क्लाससाठी वेगळी आसने बसवतच नाहीत. इकॉनॉमीचीच तीन आसनांची रांग असते, मधले आसन रिकामे ठेवतात आणि पुढे-मागे सरकणारा पडदा लावतात. तेथे जागेचा फरक दीडपटीचाच असतो. अशा उड्डाणाला तिप्पट भाडे पडत असेल, तर ते आपण सामान, लाउंज आणि तिकीट बदलण्याची मुभा यांसाठी देतो आहोत हे उघड आहे. या गोष्टींची गरज नसेल तर तो खर्च टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ३: दर रोज का बदलतो, ते समजून घ्या

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

अमेरिकेत १९७८ पूर्वी देशांतर्गत विमानभाडी सरकारी मंडळाच्या मान्यतेने ठरत. त्या वर्षी झालेल्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्याने कंपन्यांना आपले दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि स्वस्त भाड्याच्या नव्या कंपन्या बाजारात उतरल्या. जुन्या कंपन्यांपुढे पेच होता: सगळी आसने स्वस्त केली तर तोटा, आणि नाही केली तर विमान रिकामे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये त्यावर उपाय म्हणून काही आसने प्रतिस्पर्ध्याइतकी स्वस्त केली, मात्र ती आगाऊ घेण्याची अट घातली आणि त्यांची संख्या प्रत्येक उड्डाणागणिक मोजून ठेवली. उरलेली आसने ऐनवेळी येणाऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशांसाठी राखली. यालाच आता महसूल व्यवस्थापन म्हणतात आणि आज जवळजवळ प्रत्येक मोठी कंपनी याच पद्धतीने चालते.

किती आसने राखायची, हा प्रश्न गणिताचा आहे आणि त्याचा मूळ नियम ब्रिटिश कंपनी बीओएसीत काम करणाऱ्या केनेथ लिटलवुड यांनी १९७२ मध्ये मांडला. नियम सोपा आहे. समजा पूर्ण भाडे ३०० आहे आणि सवलतीचे १००. आता समोर १०० देणारा प्रवासी उभा आहे. त्याला हे आसन द्यावे का? नंतर ३०० देणारा कोणी याच आसनासाठी येण्याची शक्यता एक तृतीयांशाहून जास्त असेल, तर त्या आसनाचे अपेक्षित उत्पन्न १०० पेक्षा अधिक भरते आणि सवलतीच्या ग्राहकाला नकार देणे फायद्याचे ठरते. शक्यता त्याहून कमी असेल, तर आसन लगेच विकावे. अमेरिकेतील एमआयटीचे पीटर बेलोबाबा यांनी १९८७ मध्ये ही कल्पना अनेक भाडेवर्गांपर्यंत नेली, आणि आज हा हिशेब संगणक अहोरात्र करत असतो.

प्रत्यक्षात हा हिशेब एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखा मांडलेला असतो. समजा इकॉनॉमीत १८० आसने आहेत. वाय वर्गाला सगळी १८० उपलब्ध, एम वर्गाला १२०, क्यू वर्गाला ५०. क्यूमध्ये ३० तिकिटे गेली की क्यूमध्ये २०, एममध्ये ९० आणि वायमध्ये १५० उरतात. क्यूची उरलेली २० संपली की तो वर्ग बंद होतो आणि पुढच्या ग्राहकाला एमचा दर दिसतो. विमानात तेव्हा १३० आसने मोकळी असू शकतात, तरीही भाडे वाढलेले असते. याउलट, अपेक्षेइतकी मागणी आली नाही असे संगणकाला दिसले, तर बंद झालेला क्यू पुन्हा उघडतो आणि भाडे उतरते. भाडे पाहून ठेवल्यावर तासाभरात वाढले तर ‘संकेतस्थळाने आपल्याला ओळखले’ असा समज पुष्कळांचा होतो. त्याचे नेहमीचे कारण म्हणजे मधल्या काळात तो डबा कोणीतरी रिकामा केला किंवा कंपनीने तो बंद केला, इतकेच असते.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. प्रत्येक केबिनचे डबे वेगळे आणि त्यांच्या मागणीचे अंदाजही वेगळे. सुटीच्या दिवसांत कुटुंबे प्रवासाला निघतात, त्यामुळे इकॉनॉमीतील स्वस्त वर्ग लवकर बंद होतात. त्याच दिवसांत कामानिमित्तचा प्रवास थंडावतो, बिझनेसची केबिन रिकामी राहण्याची भीती असते, म्हणून तेथील सवलतीचे झेड किंवा आय यांसारखे वर्ग उघडतात. एका केबिनचा दर शिखरावर आणि दुसरीचा तळाशी असताना दोन्हींतील अंतर आपोआप कमी होते. कामाच्या हंगामात नेमके उलटे घडते. यातून सरळ निघणारी सूचना अशी, की वरच्या केबिनची इच्छा असेल तर केवळ इकॉनॉमीचा दर पाहून ‘बिझनेस परवडणार नाही’ असे गृहीत धरू नये. प्रत्येक तारखेसाठी दोन्ही दर स्वतंत्रपणे पाहावेत.

सव्वीस अक्षरांच्या या उतरंडीला मर्यादा आहेत, कारण दोन पायऱ्यांमधील दर कंपनीला देता येत नाही. आयाटाने २०१२ मध्ये तिकीटविक्रीसाठी माहितीच्या देवाणघेवाणीचे एक नवे मानक स्वीकारले आणि त्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतून काही कंपन्या आता दोन पायऱ्यांमधला दरही देऊ लागल्या आहेत. म्हणून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा आणि मध्यस्थाकडचा दर यांत किंचित फरक दिसला, तर तो दोन्हीकडे तपासून घ्यावा.

पायरी ४: अटी वाचा, कारण किमतीचा मोठा भाग तेथेच आहे

स्वस्त तिकीट सर्वांनाच घेता आले असते, तर महाग तिकीट कोणी घेतलेच नसते. म्हणून कंपन्या स्वस्त भाड्याभोवती अटींचे कुंपण घालतात. जो प्रवासी वेळ आधी ठरवू शकतो आणि ठरलेली वेळ पाळू शकतो, त्याला ते कुंपण ओलांडता येते. ज्याची सभा ऐनवेळी ठरते आणि ऐनवेळी रद्द होते, त्याला येत नाही.

नेहमी आढळणाऱ्या अटी अशा: प्रवासाच्या ठरावीक दिवस आधी तिकीट काढणे, गेल्यावर किमान काही दिवस, किंवा निदान शनिवारची रात्र, मुक्काम करणे, ठरावीक मुदतीत परतणे, तारीख बदलल्यास शुल्क आणि भाड्यातील फरक भरणे, रद्द केल्यास परतावा न मिळणे किंवा अंशतः मिळणे. शनिवारच्या रात्रीची अट नवख्याला विचित्र वाटते, पण तिच्यामागचे कारण साधे आहे. कामानिमित्त गेलेला माणूस आठवडाअखेर घरी परतू इच्छितो, सहलीला गेलेल्याला शनिवार-रविवार तेथेच राहायचे असते. एका अटीने दोघे वेगळे होतात. नियमित विमान कंपन्यांच्या काही आंतरराष्ट्रीय भाड्यांत ती आजही असते, म्हणून परतीची तारीख शुक्रवारवरून रविवारवर नेऊन दर एकदा पाहण्यासारखा असतो.

हे कुंपण बिझनेस क्लासमध्येही आहे, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ‘जे’ वर्गाचे तिकीट सहसा शेवटच्या दिवशीही फुकट बदलता येते. झेड वर्गाचे तिकीट परताव्याविना असू शकते. काही कंपन्यांनी याही पुढे जाऊन बिझनेसमध्ये सुविधा कमी केलेली भाडी आणली. एमिरेट्सने २०१९ मध्ये आणलेल्या अशा भाड्यात आसन तेच, पण लाउंजचा प्रवेश नाही. इकॉनॉमीत तर ही विभागणी सर्वत्र झाली आहे. सर्वांत स्वस्त पर्यायात मोठी बॅग नसते, आसन निवडता येत नाही, तिकीट बदलता येत नाही. त्यावरच्या पर्यायांत या गोष्टी एकेक करून येतात.

भाड्याच्या अटी तिकिटावरील फेअर बेसिस नावाच्या संकेताशी जोडलेल्या असतात. अक्षरे आणि आकडे मिळून तो बनतो, आणि त्याचे पहिले अक्षर सहसा भाडेवर्गाचेच असते. पैसे भरण्याआधी ‘भाड्याचे नियम’ असा दुवा बहुतेक ठिकाणी असतो. तो उघडून निदान तीन गोष्टी शोधाव्यात: बदलाचे शुल्क किती, रद्द केल्यास काय परत मिळेल, आणि प्रवासाला न पोहोचल्यास काय होईल. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि नेमका तोच महागात पडतो, कारण आधी कळवून रद्द केलेले तिकीट आणि न कळवता गैरहजर राहून वाया घालवलेले तिकीट यांचे नियम बहुधा वेगळे असतात.

पायरी ५: एकूण रकमेची फोड करून पाहा

तिकिटाच्या रकमेचे तीन भाग असतात: मूळ भाडे, कंपनीने लावलेले अधिभार आणि कर व विमानतळ शुल्क. अधिभाराचा उगम बहुधा इंधनाच्या किमतीत असला, तरी तो कंपनीचेच उत्पन्न आहे; सरकारकडे जात नाही. केबिन बदलली की अधिभारही बदलू शकतो, आणि माइल्स, म्हणजे प्रवासाबद्दल कंपनीने सदस्याच्या खात्यात जमा केलेले गुण, खर्चून घेतलेल्या तिकिटावर काही कंपन्या तो पुरा वसूल करतात, त्यामुळे ‘मोफत’ बिझनेस तिकिटाला रोख रक्कम बरीच पडते.

करही केबिननुसार बदलू शकतो. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांवरील एअर पॅसेंजर ड्युटी हे त्याचे ठळक उदाहरण आहे: विमानातील सर्वांत खालच्या श्रेणीला कमी दर लागतो आणि वरच्या श्रेणींना जास्त. त्यातही आसनांमधील अंतर ४० इंचांपेक्षा अधिक असेल, तर श्रेणीचे नाव काहीही असो, वाढीव दरच लागतो. हा कर तेथून प्रवास सुरू करणाऱ्यावर असतो. तेथे फक्त विमान बदलणाऱ्या, एकाच तिकिटावरील प्रवाशाला तो सहसा लागत नाही. म्हणून लांबच्या प्रवासाचे भाडे दोन दिशांना वेगळे का, याचे उत्तर कधी कधी केवळ करातच सापडते.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी एक बाब येथेच नोंदवतो. दोन वर्षांखालील, मांडीवर बसणाऱ्या बाळाचे आंतरराष्ट्रीय भाडे साधारणपणे प्रौढ भाड्याच्या १० टक्के असते. इकॉनॉमीत ही रक्कम किरकोळ वाटते. बिझनेसमध्ये १० टक्के म्हणजे कधी कधी इकॉनॉमीच्या पूर्ण तिकिटाच्या जवळ जाणारी रक्कम होते, आणि तरीही बाळाला स्वतःचे आसन नसते.

पायरी ६: प्रवास कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, ते पाहा

नवख्याला वाटते की भाडे अंतरावर ठरते. अंतराचा त्यात वाटा आहेच, पण बाजाराचा अधिक. अ शहरातून ब शहरात थेट विमान आहे आणि त्या मार्गावर दुसरी कंपनी नाही, तर भाडे चढेच राहणार. तेच विमान घेऊन ब येथे विमान बदलून क येथे जाणाऱ्याला मात्र दहा कंपन्यांचे पर्याय असतात. म्हणून अ ते क हे लांबचे तिकीट अ ते ब या जवळच्या तिकिटापेक्षा स्वस्त असू शकते. मोठ्या कंपन्यांचे संगणक प्रत्येक टप्प्याचा वेगळा विचार न करता प्रवाशाच्या पूर्ण प्रवासाचे मोल पाहतात आणि त्यावरून स्वस्त वर्ग द्यायचा की नाही हे ठरवतात. त्यामुळे दोन टप्पे वेगवेगळे शोधल्यावर स्वस्त वर्ग उपलब्ध दिसतो आणि एकत्र शोधल्यावर दिसत नाही, किंवा याच्या उलट, असेही घडते.

यावरून कोणाच्या मनात असे येईल की अ ते क हे स्वस्त तिकीट काढावे आणि ब येथेच उतरून जावे. हा विचार करण्याआधी परिणाम नीट समजून घ्यावेत. तिकिटावरील टप्पे क्रमाने वापरावे लागतात, आणि एक टप्पा सोडला की पुढचे सर्व, परतीच्या प्रवासासह, बहुतेक कंपन्या रद्द करतात. चेक-इन केलेले सामान शेवटच्या ठिकाणी जाते. कंपन्यांच्या वहन-अटींत ही पद्धत सहसा निषिद्धच असते. मी ती कोणालाही सुचवत नाही.

उपयोगाची आणि नियमात बसणारी युक्ती वेगळी आहे. जाण्या-येण्याच्या तिकिटात दोन दिशांना दोन केबिन घेता येतात का, हे तपासावे. पुष्कळ मार्गांवर भाड्यांची अशी जोडणी चालते. दिवसाच्या उड्डाणात सपाट पलंगाचा फारसा उपयोग नसतो, पण रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उड्डाणात तो पूर्ण वसूल होतो. फक्त रात्रीची दिशा वरच्या केबिनमध्ये घेतली, तर निम्म्या वाढीव खर्चात जवळजवळ सगळा आराम मिळतो. वरच्या केबिनचा पहिलाच अनुभव घेणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो.

पायरी ७: अपग्रेडवर भिस्त ठेवण्याआधी त्याचे गणित मांडा

स्वस्त इकॉनॉमी घ्यावी आणि नंतर वर सरकावे, ही कल्पना मोहक आहे. तिचे तीन मार्ग आहेत. माइल्स देऊन अपग्रेड घेता येतो, पण त्यासाठी मूळ तिकीट ठरावीक भाडेवर्गांतलेच लागते. तळाच्या वर्गांना तो बहुधा बंद असतो. प्रवासाआधी काही दिवस कंपनी बोली मागवते किंवा ठरावीक रक्कम सांगते. तेव्हा मूळ भाडे अधिक बोली यांची बेरीज करून ती बिझनेसच्या त्या दिवशीच्या सवलतीच्या भाड्याशी ताडून पाहावी. बेरीज जवळपास तेवढीच येत असेल, तर थेट तिकीटच बरे, कारण बोलीने मिळालेल्या अपग्रेडवर माइल्स आणि बदलाचे नियम सहसा मूळ तिकिटाचेच राहतात. तिसरा मार्ग म्हणजे इकॉनॉमीत क्षमतेपेक्षा जास्त तिकिटे विकली गेल्यामुळे कंपनीने स्वतःहून वर बसवणे. तो नेहमीच्या, उच्च श्रेणीच्या सदस्यांच्या वाट्याला आधी येतो आणि त्यावर कोणतीही योजना आखता येत नाही.

उलटही घडू शकते, आणि त्याची माहिती असावी. वरच्या केबिनचे तिकीट असताना खालच्या केबिनमध्ये बसवले गेले, तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार, तो जेथे लागू होतो तेथे, तिकिटाच्या किमतीचा ठरावीक भाग परत मिळतो: १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला ३० टक्के, संघांतर्गत त्याहून लांब आणि इतर ३,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणांना बहुतांशी ५० टक्के, आणि त्यापुढे ७५ टक्के. कंपनीने आपणहून वर बसवले तर जास्तीचे पैसे मागता येत नाहीत, असेही तोच नियम सांगतो.

पायरी ८: प्रत्यक्ष तिकीट काढताना

प्रथम एकाच प्रवाशासाठी शोध घ्यावा, मग जितके लोक जाणार आहेत तितक्यांसाठी. याचे कारण वरच्या डब्यांच्या उदाहरणात आहे. स्वस्त वर्गात दोनच आसने उरली असतील आणि तिघांचा शोध घेतला, तर बऱ्याच यंत्रणा तिघांनाही पुढच्या महाग वर्गाचा दर दाखवतात. अशा वेळी दोन तिकिटे एका आरक्षणात आणि तिसरे वेगळ्या आरक्षणात काढून पैसे वाचतात. मात्र उड्डाण रद्द झाले किंवा बदलले, तर दोन आरक्षणांना दोन वेगळी पर्यायी विमाने मिळू शकतात, म्हणून लहान मुले किंवा वृद्ध सोबत असतील तर हा भेद करू नये.

दर पटला की प्रत्येक टप्प्यासमोरचे अक्षर आणि केबिन पाहावी. ‘बिझनेस’ म्हणून दाखवलेल्या प्रवासातील आखूड टप्पा प्रत्यक्षात इकॉनॉमीचा असू शकतो, कारण त्या विमानात वरची केबिनच नसते किंवा तेथील सवलतीचा वर्ग संपलेला असतो. लांबचा टप्पाच खालच्या केबिनमध्ये आणि आखूड टप्पा वरच्या केबिनमध्ये असेल, तर ते तिकीट घेण्यात अर्थ नाही. विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवणार आहे हेही पाहावे, कारण भागीदार कंपनीचे आसन, सामानाचे नियम आणि माइल्स वेगळे असतात. माइल्सची आस असेल तर भाडेवर्गाचा तक्ता आधी उघडावा. अंतरावर माइल्स देणाऱ्या योजनांत तळाच्या काही वर्गांवर एक चतुर्थांश माइल्स मिळतात, काहींवर अजिबात मिळत नाहीत.

त्यानंतर खालच्या पर्यायात हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या विकत घेतल्यास किती पडतील, याची बेरीज करावी. सर्वांत स्वस्त इकॉनॉमी, त्यावर एक बॅग, पाय लांब करता येणारे आसन आणि तारीख बदलण्याची मुभा असे सगळे जोडले, की ती रक्कम कधी कधी प्रीमियम इकॉनॉमीच्या दाराशी येऊन पोहोचते. तसे झाले तर वरची केबिन घ्यावी. तफावत मोठी राहिली तर खालचीच ठेवावी.

पैसे भरल्यावरही एक संधी उरते. अमेरिकेला जाणाऱ्या, तेथून निघणाऱ्या आणि तेथील अंतर्गत उड्डाणांसाठी, प्रवासाला सात किंवा अधिक दिवस बाकी असताना कंपनीकडूनच तिकीट घेतले असेल, तर कंपनीला एकतर ते चोवीस तासांत विनाशुल्क रद्द करू द्यावे लागते किंवा पैसे न घेता तेवढा वेळ दर राखून ठेवावा लागतो. इतरत्रही अनेक कंपन्या अशी सवलत स्वतःहून देतात. आपल्या कंपनीची सवलत आहे का, हे तिकीट काढण्याआधीच पाहून ठेवावे, आणि असेल तर त्या चोवीस तासांत नाव, तारखा, प्रत्येक टप्प्याचे अक्षर आणि भाड्याचे नियम पुन्हा एकदा शांतपणे तपासून घ्यावेत.